हाफ-फ्रेमच्या निगेटिव्हमधून किती तपशील निघतो?

३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात. नेहमीचा कॅमेरा एक फोटो घेतला की फिल्म आठ भोकं पुढे सरकवतो, म्हणजे ३८ मिलिमीटर. हाफ-फ्रेम कॅमेरा चारच भोकं सरकवतो. तेवढ्या जागेत १८ बाय २४ मिलिमीटरची उभी चौकट बसते आणि छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. ही चौकट काटकसरीपायी पुढे कुणीतरी काढली असेल असं वाटतं, पण क्रम उलटा आहे. मूकपटांच्या काळात सिनेमाची चौकट जवळपास याच मापाची होती. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म आडवी चालवली, दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली, आणि त्यांचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आल्यावर २४ बाय ३६ हे माप रूढ झालं.

छोट्या चौकटीला लोकप्रिय केलं ते जपानच्या ऑलिंपस पेन या कॅमेऱ्याने, १९५९ साली. त्याचे रचनाकार योशिहिसा मैतानी यांच्यापुढे सहा हजार येनांत बसणारा कॅमेरा बनवायचं लक्ष्य होतं. तरी त्यांनी लेन्समध्ये हात आखडता घेतला नाही. टेसार धाटणीची, चार भिंगांची २८ मिलिमीटर एफ/३.५ लेन्स त्यांनी त्यात बसवली (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाशाचं छिद्र मोठं). हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण निगेटिव्ह लहान झालं की सगळ्यात आधी ताण येतो तो लेन्सवर.

तो ताण नेमका किती, हे मोजता येतं. १८ आणि २४ बाजूंच्या आयताचा कर्ण बरोबर ३० मिलिमीटर. पूर्ण चौकटीचा कर्ण ४३.३. म्हणजे तेवढाच मोठा प्रिंट काढायला हाफ-फ्रेम १.४४ पट जास्त मोठं करावं लागतं. लेन्सचा मऊपणा, हाताची थरथर, फिल्मचा दाणा (प्रकाश टिपणाऱ्या कणांची दिसणारी खरखर), निगेटिव्हवरची धूळ, सगळंच त्या पटीत फुगतं. या एका आकड्याने हाफ-फ्रेमचं जवळजवळ सगळं गणित चालतं.

त्याची एक बाजू फायद्याचीही आहे. मोठ्या चौकटीत जे दृश्य टिपायला ४० मिलिमीटरची लेन्स लागते, ते इथे २८ मध्ये येतं, आणि नाभीय अंतर, म्हणजे लेन्सचा हा मिलिमीटरमधला आकडा, कमी असलं की स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा रुंदावतो. छिद्र एफ/८ वर ठेवून पाच मीटरवर फोकस केलं, तर साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणूनच या कॅमेऱ्यांत फोकस अंदाजाने लावायची पद्धत चालून गेली. १९६१ च्या पेन ईईमध्ये तर फोकस कायमचा ठरवूनच टाकला होता.

पेन ईईच्या लेन्सभोवती बुडबुड्यांसारखी जाळी दिसते. तिच्यामागे सेलेनियमचा प्रकाशघट असतो. त्यावर पडणाऱ्या उजेडातून वीज तयार होते, ती एका काट्याला हलवते आणि काट्याच्या जागेवरून छिद्र किती उघडायचं ते ठरतं. बॅटरी लागतच नाही. उजेड फारच कमी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर दाबलं जात नाही. जुना कॅमेरा घेताना हा घट तपासावा. तो थकला की वीज कमी देतो, कॅमेऱ्याला जग आहे त्यापेक्षा अंधारं वाटतं आणि तो छिद्र गरजेपेक्षा जास्त उघडतो. म्हणजे चूक होते ती जास्त प्रकाशाच्या बाजूने. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं) यात वाया जाते, पण रंगीत निगेटिव्ह ते सहज पचवतं, इतकंच नाही तर सुधारतं. या फिल्ममध्ये प्रत्येक रंगासाठी मोठ्या, संवेदनशील कणांचा आणि बारीक, मंद कणांचा असे वेगवेगळे थर असतात. एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश मिळाला की बारीक कणांचे थरही कामाला लागतात आणि दाणा मऊ दिसतो. कृष्णधवल फिल्मला हा नियम लावू नये. तिथे जास्त प्रकाशाने दाणा वाढतो.

दाण्याचं गणितही सोपं आहे. फिल्मवरच्या एखाद्या ठिपक्यात जितके कण, तितकी त्याची करडी छटा स्थिर. क्षेत्रफळ निम्मं झालं की छटेतली अनियमित चढउतार दोनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.४ पट वाढते. त्यामुळे हाफ-फ्रेममध्ये मी आयएसओ १०० च्या आसपासची फिल्म सुचवेन (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता). ४०० ची फिल्म चालते, पण मग दाणा चित्राचाच भाग आहे हे मनापासून मान्य असायला हवं.

आता स्कॅनिंग. लॅबमधल्या यंत्रांना मोठ्या चौकटीची सवय असते, त्यामुळे ती बहुतेकदा शेजारशेजारचे दोन फोटो एकाच चित्रात स्कॅन करून देतात. जोडी म्हणून ते छान दिसतं, आणि कुठले दोन क्षण शेजारी येतील याचा विचार करून फोटो काढण्यात वेगळीच मजा आहे. मात्र २००० बाय ३००० पिक्सेलच्या अशा स्कॅनमध्ये एका फोटोच्या वाट्याला तीनच मेगापिक्सेल येतात.

निगेटिव्हमध्ये खरं किती असतं? चांगल्या लेन्सने आणि बारीक दाण्याच्या फिल्मने एका मिलिमीटरमध्ये ६० रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) टिपल्या असं धरू. एक रेषाजोडी वाचायला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे मिलिमीटरला १२०, अर्थात सुमारे ३००० डीपीआय (इंचाला इतके ठिपके). हाफ-फ्रेमच्या एका चौकटीचे होतात सहा मेगापिक्सेलच्या थोडे वर. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं असलं, तरी प्रत्यक्ष तपशील बऱ्याचदा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच भरतो. मोठ्या निगेटिव्हला ते पुरतं, इथे पुरत नाही. शिवाय पिक्सेल विरळ असले की फिल्मचे बारीक कण नीट वाचले जात नाहीत आणि त्यांच्या जागी खोटा, जाडसर दाणा उमटतो. स्कॅनमध्ये दिसणारी खरखर दर वेळी फिल्मची नसते.

म्हणून मला डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने निगेटिव्हचा फोटो काढणं जास्त पटतं. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा असतो, प्रमाण ४:३. हाफ-फ्रेमचंही तेच. एकही कड वाया न जाता चौकट त्यात बसते, आणि २० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर मिलिमीटरला दोनशेपेक्षा जास्त पिक्सेल मिळतात. २४ बाय ३६ च्या मोठ्या सेन्सरवर एकास एक प्रमाणात, म्हणजे निगेटिव्हच्या मूळ मापातच, फोटो काढला तर निम्मा सेन्सर वापरला जातो. २४ मेगापिक्सेल असतील तर १२ उरतात आणि तेही पुरेसे आहेत.

इथे छिद्राची निवड निर्णायक ठरते. एकास एक प्रमाणात एफ/८ हे विवर्तनाच्या (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याच्या) दृष्टीने एफ/१६ सारखं वागतं. तेव्हा निर्दोष लेन्ससुद्धा ६० रेषाजोड्यांचा कॉन्ट्रास्ट सुमारे ३६ टक्केच राखू शकते. एफ/५.६ वर तो ५४ टक्के होतो. जुनी लेन्स, फिल्म आणि स्कॅन या तिघांचे टक्के एकमेकांशी गुणले जातात. पहिल्या दोघांनी प्रत्येकी ६० टक्के राखले असतील, तर शेवटी एफ/८ वर १३ आणि एफ/५.६ वर १९ टक्के उरतात. पण छिद्र उघडल्यावर स्पष्टतेची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच राहते. तेव्हा फिल्म सपाट धरणारा होल्डर हवा, आणि कॅमेरा फिल्मला समांतर. समांतरपणा तपासायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की झालं.

रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी छटेकडे डाग म्हणून पाहू नये. त्यातली रंगद्रव्यं शुद्ध नसतात. किरमिजी रंग थोडा निळा प्रकाश शोषतो, मोरपिशी रंग थोडा हिरवा. ती गळती भरून काढणारी रंगीत रसायनं मुद्दाम फिल्ममध्ये घातलेली असतात आणि न वापरली गेलेली रसायनं नारिंगी दिसतात. स्कॅन करताना चौकटीबाहेरची कोरी फिल्म थोडी चित्रात ठेवावी, म्हणजे चित्र उलटं करताना ही छटा अचूक वजा करता येते.

उरते धूळ. पाच शतांश मिलिमीटर जाडीचा एखादा धागा दहापट मोठ्या प्रिंटवर अर्धा मिलिमीटर दिसतो. फिल्म स्कॅनर यासाठी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश वापरतात: रंगद्रव्यं त्याला पारदर्शक असतात आणि धूळ अपारदर्शक, त्यामुळे डाग वेगळे ओळखून पुसता येतात. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र प्रत्यक्ष चांदी असते. ती अवरक्त प्रकाशही अडवते आणि यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही. तिथे फिल्म लावण्यापूर्वी ब्लोअरने दोन्ही बाजू झटकणं आणि उरलेले ठिपके संगणकावर एकेक करून पुसणं, एवढंच हातात असतं.