पीएच पडलाय, मग अल्कलिनिटी का ओतताय?

रीफ टँक, म्हणजे समुद्राच्या पाण्यात कोरल (प्रवाळ) पाळायची घरातली टाकी, ठेवणाऱ्यांचा एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो शब्दासकट पाठ झालाय. "पीएच ७.९ वर आलाय, किती बफर टाकू?" बफर म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारी पावडर. लगेच कुणीतरी चमच्यांचा हिशेब सांगून मोकळं होतं. अल्कलिनिटी किती आहे, हे कुणी विचारत नाही. पीएच किती वाजता मोजला, हेही नाही. दोन्ही आकडे पाण्यातल्या आम्लाशी संबंधित, दोन्हींच्या बाटल्या एकाच कप्प्यात, म्हणजे एक पडला की दुसरा ओतायचा, असं सरळ गणित लोकांनी करून टाकलंय. ते चुकीचं आहे, आणि त्याची किंमत कोरल मोजतात.

पीएच तुम्हाला ठाऊक आहे. शाळेतला लिटमस, गोड्या पाण्याच्या टाकीतली रंगपट्टी, मातीच्या तपासणीतला 'सामू', सगळं तेच. सात म्हणजे उदासीन, समुद्राचं पाणी ८.१ च्या आसपास. फक्त ही पट्टी लॉगची आहे एवढं विसरू नका. ८.२ चा ७.९ झाला तर आकडा किरकोळ घसरल्यासारखा दिसतो, पण पाण्यातले हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. पीएचबद्दल एवढं पुरे.

अल्कलिनिटीच्या बाबतीत मराठीत आणखी एक घोळ आहे. भूगोलाच्या पुस्तकात 'सागरजलाची क्षारता' म्हणजे मिठाचं प्रमाण, दर हजारी ३५. आणि अल्कलिनिटीचं भाषांतर करायला बसलेला माणूसही बिनदिक्कत 'क्षारता'च लिहून जातो. मग अल्कलिनिटी कमी आली म्हणून टाकीत मीठ वाढवणारे निघतात. म्हणून मी भाषांतराच्या भानगडीत पडत नाही, सरळ अल्कलिनिटी म्हणतो.

ती म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा टेस्ट किट करताना जास्त चांगलं कळतं. नळीत टाकीचं ५ मिलीलीटर पाणी घ्यायचं आणि बाटलीतलं द्रावण थेंबाथेंबाने टाकायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला तो पडतो तिथे क्षणभर पिवळा धूर उठल्यासारखा दिसतो, नळी हलवली की परत निळं. पाचवा, सहावा, सातवा, तेच. आणि आठव्या थेंबाला नळी हलवली तरी निळं परतत नाही, सगळं पाणी पिवळं. थेंबाला एक डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) असं किट असेल तर तुमची अल्कलिनिटी ८. त्या थेंबांत आम्ल असतं. म्हणजे तुम्ही मोजलंत ते एवढंच, की या पाण्याने हार मानण्याआधी किती आम्ल पचवलं. आत्ता पाणी किती आम्लधर्मी आहे हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. तो पीएचचा प्रश्न.

एककांचा बाऊ करू नका. १ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलीटर म्हणजे २.८ डीकेएच म्हणजे ५० पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रात अल्कलिनिटी साधारण ६.५ ते ७ डीकेएच असते, टाकीत लोक ७ ते ११ मध्ये कुठेही ठेवतात. 'केएच' आणि अल्कलिनिटी हे रोजच्या कामापुरतं एकच. गोड्या पाण्याच्या सवयीने जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) मोजणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, समुद्राच्या पाण्यात त्या किटला काही काम नाही. तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगवेगळे मोजायचे असतात.

आता खरी मेख. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पीएच खाली येतो, अल्कलिनिटी मात्र जागची हलत नाही. हे वाक्य लोक वाचतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी परत बफर ओततात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पाण्यात आम्ल पचवणारे मुख्य गडी दोन. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. एक कार्बोनेट दोन आम्ल-कण पचवतो, एक बायकार्बोनेट एकच. बाहेरून कार्बन डायऑक्साइड आला की तो पाण्याच्या मदतीने एका कार्बोनेटला गाठतो आणि दोघांचे मिळून दोन बायकार्बोनेट होतात. आधी एक गडी होता, दोन पचवणारा. आता दोन आहेत, एकेक पचवणारे. बेरीज तीच, दोन. बंदी नोट मोडून सुटे घेतले तर खिशातली रक्कम बदलत नाही, तसंच. पण कार्बोनेट कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाल्याने पीएच मात्र घसरतो. म्हणून बंद खोलीतल्या टाकीत पीएच ७.८ आणि अल्कलिनिटी ९ हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि त्यात किटची काही चूक नसते.

कार्बन डायऑक्साइड येतो कुठून? आपल्याच श्वासातून, बऱ्याच अंशी. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास. खिडक्या लावून चार माणसं झोपलेल्या किंवा गॅस पेटलेल्या घरात तो हजाराच्या वर सहज जातो. टाकीतलं पाणी दिवसरात्र त्याच हवेत घुसळलं जातं. पाण्यातली घाण फेसाने काढणारा स्किमर तर घरातली हवा ओढून पाण्यात बारीक बुडबुडे करण्याचं यंत्रच आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि पाणी त्या हवेशी जुळून आलं, की त्याच अल्कलिनिटीला पीएच साधारण ०.३ ने उतरतो. ८.२ चा ७.९. ओळखीचा आकडा आहे ना?

हाच आकडा आता उलट्या बाजूने लावून बघा. खोलीतली हवा तशीच ठेवून, फक्त अल्कलिनिटी वाढवून ७.९ चा ८.२ करायचा म्हटलं तर अल्कलिनिटी जवळजवळ दुप्पट करावी लागेल. आठची सोळा. सोळा डीकेएचला काय होतं? तिथे पोहोचण्याआधीच पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट जमून बाहेर पडायला लागतं. टाकीत धुकं येतं, पंप जाम होतात. हे मी स्वतः करून बसलोय. पहिल्या टाकीत महिनाभर रोज सकाळी पीएच बघायचा, ७.९ दिसला की एक चमचा बफर. दर वेळी तासाभरासाठी आकडा वर जायचा, मीही खूश. संध्याकाळी परत जैसे थे. अल्कलिनिटी मोजायचं सुचलं तेव्हा ती १३ होती. हीटरवर पांढरा, नखाने न निघणारा खडा चढला होता आणि अ‍ॅक्रोपोरा या कोरलची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडली होती. नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य असलेल्या टाकीत जास्त अल्कलिनिटी एसपीएसला (अ‍ॅक्रोपोरासारख्या, लहान पॉलिपच्या कडक कोरलना) अशीच भोवते. आणि इतकं करून पीएच? ७.९.

तासाभरासाठी वर का जायचा, तर त्या डब्यात बराचसा सोडियम कार्बोनेट असतो. तो पाण्यात पडला की पीएच उसळतो, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत येऊन त्याला परत खाली बसवतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत '८.३' लिहिलेलं असतं, त्याचा मला खरोखर राग आहे. समुद्राचं पाणी कुठल्याही डब्याच्या सांगण्यावरून ८.३ ला थांबत नाही. ते थांबतं खोलीतल्या हवेच्या सांगण्यावरून.

तुमच्या टाकीत दोष हवेचा आहे का, हे एका ग्लासात कळतं. टाकीचं पाणी ग्लासभर घ्या, पीएच मोजा. तो ग्लास खिडकीबाहेर किंवा गच्चीत ठेवून त्यात एअरपंपाने तासभर हवा सोडा. पंप बाहेर हवा, नुसती नळी बाहेर सोडून पंप खोलीत ठेवलात तर खोलीचीच हवा जाईल. परत मोजा. ७.९ चा ८.१-८.२ झाला तर बाटली ठेवून द्या, खिडकी उघडा. नाही वाढला तर मात्र अल्कलिनिटी तपासा, बहुधा तीच उतरलेली असेल. इलेक्ट्रोड वापरत असाल तर आधी तो ७ आणि १० च्या द्रावणांत जुळवून घ्या. वर्षभर न जुळवलेल्या प्रोबच्या दुसऱ्या दशांशावर वाद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

हवेच्या दोषावर उपाय हवेचेच. खिडकी. ते जमत नसेल तर स्किमरची हवेची नळी भिंतीबाहेर काढा, बारीकशा भोकाने काम होतं. तेही जमत नसेल तर त्या नळीवर सोडा लाइमचा डबा बसवतात, तो आत येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. रंग बदलणारा माल घेतलात तर तो संपल्याचं कळतं. सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) केटोमॉर्फा शेवाळ ठेवून त्याचा दिवा रात्री लावायचा, हा माझा आवडता मार्ग, कारण रात्रीच तर पीएच उतरतो. दिवसा कोरलमधली शेवाळं प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड खातात, रात्री सगळेच श्वास घेत तो सोडतात. त्यामुळे दिवे लागण्याआधी पीएच सर्वांत कमी, दिवे मालवायच्या सुमारास सर्वांत जास्त. म्हणूनच वेळ न सांगता पीएच सांगणं म्हणजे कुठे ते न सांगता नुसतं 'दुखतंय' म्हणण्यासारखं आहे.

कमी पीएचने काहीच बिघडत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. कोरलला सांगाडा बांधायला वरचा पीएच सोपा पडतो, खाली वाढ मंदावते. पण ७.८ ते ८.४ मध्ये टाक्या उत्तम चालतात.

याच्या बरोबर उलटा प्रसंग जास्त फसवा असतो, आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही, कारण काही चुकलंय असं वाटतच नाही. खिडक्या उघड्या, हवा खेळती, पीएच संध्याकाळी ८.२. सगळं आलबेल. आणि अल्कलिनिटी ५. कारण तिला खाणारे वेगळेच आहेत. एसपीएस, शिंपले, खडकांवरचं जांभळं कोरलाइन शेवाळ, हे सगळे सांगाडा किंवा कवच बांधताना कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेट उचलतात. नायट्रिफिकेशनही (जीवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) थोडं खातं. भरलेल्या टाकीत दिवसाला १ ते २ डीकेएच सहज उडतात. पीएचला याचा पत्ता नसतो.

कॅल्शियमलाही जवळजवळ नसतो. सांगाड्यात २.८ डीकेएच गेले की सोबत कॅल्शियम फक्त २० पीपीएम जातं. ४२० चं ४००. घरगुती किटच्या चुकीतच तो फरक बुडून जातो, तर इकडे अल्कलिनिटी तिसऱ्या हिश्श्याने उतरलेली असते. टाकी काय खातेय हे बघायचं तर अल्कलिनिटीइतका बोलका आकडा दुसरा नाही. सुरुवातीला एकच चांगलं किट घ्यायचं असेल तर याचंच घ्या. पीएच मीटर नंतर.

अल्कलिनिटी खरोखरच उतरली असेल तर ओता, तेव्हा ओतायलाच हवं. १०० लीटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा साधारण ३ ग्रॅम, किंवा निर्जल धुण्याचा सोडा १.९ ग्रॅम लागतो. तो शुद्धच हवा, सुगंधी पावडर नव्हे. दोन्हींनी अल्कलिनिटी तेवढीच वाढते. फरक पीएचमध्ये. खाण्याच्या सोड्याने तो त्या वेळी किंचित उतरतो, धुण्याच्या सोड्याने चढतो. एकाच आकड्याची भर घालून दुसरा आकडा दोन विरुद्ध दिशांना नेता येतो, यावरूनही हे दोघं वेगळे आहेत हे कळावं. खाण्याचा सोडा ताटलीत पसरून ओव्हनमध्ये दीडशे अंशांवर तासभर ठेवला की त्याचाच कार्बोनेट होतो, मी तसाच करून ठेवतो. वेगळ्या बाटलीत विरघळवून, पंपाच्या झोतात, थोडा थोडा. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त उडी नको, आकडा ७ असो वा ९. मी ८ वर ठेवतो आणि तिथेच ठेवतो. रोज ८ असलेली टाकी मला सोमवारी ७ आणि गुरुवारी १० असलेल्या टाकीपेक्षा कधीही पसंत.

दोन्ही कामं एकदम करणारी एक वस्तू आहे, चुन्याची निवळी, म्हणजे हौशी लोकांचं काल्कवासर. ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सांगाड्याला लागतात त्याच प्रमाणात देते आणि वर पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही खाते, म्हणून पीएच चढतो. संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा बाष्प झालेलं पाणी भरून काढताना रात्री थेंबथेंबच सोडायची, आणि भांडं झाकून ठेवायचं. शाळेत नळीने फुंकून निवळी दुधाळ केली होती ना, उघड्या भांड्यात तेच आपोआप होतं. सकाळी वर पापुद्रा दिसला तर तेवढा चुना हवेनेच खाल्ला, टाकीला मिळालाच नाही.