बॉबी ब्लँडच्या गळ्यातली खरखर

बॉबी ‘ब्लू’ ब्लँड हा ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतशैलीतला गायक. तो गाताना ओरडत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. ‘आय पिटी द फूल’ लावा. आधी कानावर येतो तो मऊ, भरदार आवाज, कसलीही घाई नसलेला. मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा हळूहळू ताण वाढवत नेतो आणि मग गळ्यातून एक खरखरीत आरोळी फुटते. क्षणभरच. अंगावर काटा येतो तो तिथेच.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो ‘टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज’, ह्यूस्टनच्या ड्यूक रेकॉर्ड्सने १९६१ साली काढलेला. बारा गाणी, त्यातली बरीचशी आधी सुट्या तबकड्यांवर येऊन गेलेली. ब्लँड टेनेसीचा, मेम्फिसमध्ये घडलेला. त्याचं शालेय शिक्षण नावापुरतंच झालेलं. गाणी तो ऐकूनच पाठ करायचा. ब्लूज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिटार येते, पण हा गडी कुठलंच वाद्य वाजवत नसे. वाद्यांची सगळी मांडणी जो स्कॉट या संयोजकाची. ब्लँडच्या हाती भांडवल एकच, गळा.

आणि त्या गळ्यानेही एकदा दगा दिला होता. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर वरच्या पट्टीतला त्याचा पातळ फॉल्सेटो आवाज गेला. ओळख राहील असं दुसरं काहीतरी हवं होतं. ते त्याला डेट्रॉइटचे धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन यांच्या ध्वनिमुद्रित प्रवचनांत सापडलं. हे फ्रँकलिन म्हणजे गायिका अरीथा फ्रँकलिनचे वडील. प्रवचन रंगात आलं की ते बोलता बोलता गाऊ लागत आणि गाता गाता आवाज फाडत. ब्लँडने ती फाटलेली आरोळी उचलली आणि प्रेमभंगाच्या गाण्यात आणून बसवली.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय होतं? साध्या गाण्यात स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू ठरावीक लयीत उघडझाप करतात. सेकंदाला २५० वेळा केली, तर आपल्याला २५० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. पण फुप्फुसातून हवेचा दाब वाढवला आणि गळा आवळला की ही शिस्त मोडते. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. एरवी ती गाण्यात भाग घेत नाही. खरखरीत आवाजात मात्र तीही थरथरू लागते, बऱ्याचदा खालच्या जोडीच्या निम्म्या वेगाने. मग २५०च्या स्वराखाली १२५चा एक सावत्र स्वर उमटतो, एकाआड एक कंपन कमीजास्त जोराचं होतं आणि सुरात करवत शिरते.

आपला कान या करवतीला फार हळवा आहे. लुक अर्नाल, डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये माणसाच्या किंकाळीवर संशोधन प्रसिद्ध केलं. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत हाच वेग ३० ते १५० असतो. धोक्याचे भोंगे नेमक्या याच पट्ट्यात वाजतात. असा आवाज ऐकला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग जास्त जागा होतो. धोका ओळखण्यात त्याचा मोठा हात असतो.

म्हणजे ब्लँड आपल्या मेंदूतली धोक्याची घंटा वाजवतो. मग आपण पळत का नाही? कारण बाकी सगळं सांगत असतं की धोका नाही. ताल ठाम आहे, आरोळी सुरात आहे आणि ती कधी येणार याचा अंदाज आपल्याला आधीच आलेला असतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११च्या प्रयोगात असं दिसलं, की आवडत्या गाण्यात शहारा आणणारी जागा जवळ येऊ लागली की मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवायला लागतं आणि प्रत्यक्ष जागेवर दुसऱ्या भागात पुन्हा स्रवतं. निम्मं सुख वाट पाहण्यातच असतं. जो स्कॉटला मेंदूविज्ञान शिकायची गरज नव्हती. त्याचे ट्रम्पेट ही वाटच तर पाहायला लावतात.

म्हणूनच मला वाटतं, ब्लँडची थोरवी आरोळीत कमी आणि ती राखून ठेवण्यात जास्त आहे. गाणंभर गळा खरवडणारे गायक ढिगाने आहेत. दोन मिनिटांत कानाला त्याची सवय होते आणि शहारा जातो. ब्लँडचा आदर्श होता नॅट किंग कोल, मायक्रोफोनजवळ मृदू गाणारा. अगोदरचं हे मार्दव असल्यामुळे नंतरचा ओरखडा खोल जातो.

दुसरी गंमत सुरांची. ब्लूजमधला तिसरा स्वर ना पुरता कोमल गंधार, ना पुरता शुद्ध. मध्य सप्तकात पांढरी एकचा सा धरला, तर कोमल गंधार साधारण ३११ हर्ट्झचा आणि शुद्ध ३३०चा. गायक ३२०च्या आसपास घुटमळला आणि त्याच वेळी वाद्यांनी शुद्ध गंधार धरला, तर दोन सुरांच्या टकरीत आवाज सेकंदाला दहा वेळा कमीजास्त होत हेलकावतो. पियानोवर या जागेला पट्टीच नाही. गळ्याला मात्र तिथे हवा तितका वेळ थांबता येतं.

अल्बममधलं ‘आय विल टेक केअर ऑफ यू’ हे ब्रुक बेंटनने लिहिलेलं गाणं. ड्रेक आणि रिहाना या गायकांचं ‘टेक केअर’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्याचं हे मूळ ऐकावंच. पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. पुरुषी आवाजाचा पाया १०० ते २०० हर्ट्झच्या घरात असतो आणि तो इवलासा स्पीकर नेमका तिथेच लंगडा पडतो. गाळलेला स्वर मेंदू वरच्या स्वरांवरून भरून काढतो, त्यामुळे चाल कळते, पण छातीतली ऊब हरवते. बऱ्यापैकी हेडफोन लावा आणि आवाज बेताचाच ठेवा. तो केव्हा वाढवायचा ते ब्लँड बघून घेईल.