बाहीतली धूळ आणि अठरा कॅरेटचं घड्याळ

सोलापुरात मंगळवार पेठेतल्या सराफी दुकानांत काय किंवा घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर काय, एक तक्रार ठरलेली असते. लाखो रुपये मोजून घेतलेल्या सोन्याच्या घड्याळावर चार-सहा महिन्यांत बारीक चरे दिसायला लागतात. घड्याळ कुठे आपटलेलं नसतं, पडलेलं नसतं, रोज फक्त शर्टाच्या बाहीखाली असतं. मग शंका येते ती सोन्यावर. "खरं सोनं कापडानं ओरखडतं का हो? भेसळ असणार."

उलट आहे. सोनं जितकं शुद्ध, तितकं मऊ. कठीणता मोजायला विकर्स नावाची पद्धत वापरतात. हिऱ्याचं टोक ठरावीक वजनानं धातूवर दाबायचं आणि उमटलेला खड्डा मोजायचा. शुद्ध, तापवून मऊ केलेलं सोनं या मापावर जेमतेम 25 भरतं. घड्याळाचं अठरा कॅरेट सोनं मिश्रणानुसार आणि घडणीनुसार साधारण 125 ते 200 पर्यंत जातं. त्यात 75 टक्के सोनं आणि उरलेलं मुख्यतः चांदी-तांबं. तांबं वाढवलं की रंग गुलाबी होतो आणि कठीणताही वाढते. स्टीलच्या घड्याळातलं 316 एल स्टील 150 ते 220 च्या आसपास असतं, म्हणजे फार पुढे नाही. ज्याला आपण भेसळ म्हणतो, तिच्यामुळेच घड्याळ मनगटावर टिकतं. गुरुपुष्याला घेतलं म्हणून यात एका आकड्याचाही फरक पडत नाही.

शुद्धतेचीच शंका असेल तर चरे बघत बसू नये, शिक्का बघावा. आपल्याकडे जून 2021 पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, पण घड्याळं त्या सक्तीतून वगळलेली आहेत. त्यामुळे स्विस घड्याळावर आपला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, शिक्का नसेल तर घाबरायचं कारण नाही. तिथे 750 हा आकडा असतो, म्हणजे हजारात 750 भाग सोनं, आणि 1995 पासूनच्या स्विस शिक्क्यात सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं असतं.

आता मूळ प्रश्न. कापूस मऊ, सोनं त्याहून कठीण, मग चरा पडतो कसा? ढोबळ नियम असा, की ओरखडणारी वस्तू समोरच्या वस्तूपेक्षा निदान वीस टक्के जास्त कठीण लागते. कापसाचा तंतू या परीक्षेत साफ नापास होतो. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडानं अठरा कॅरेटवर चरा पडत नाही.

यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही कारखानदार हरकत घेईल, आणि त्याची हरकत बरोबर आहे. लूमवर आणि वाइंडिंग मशीनवर धागा ज्या गाईडमधून सरकतो, तो गाईड साध्या पोलादाचा असेल तर काही काळानं त्यात सरळ खाच पडते. म्हणून तर तिथे अल्युमिनाचे, म्हणजे अल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, पोर्सिलेनसारखे दिसणारे कठीण गाईड बसवतात. मऊ धागा पोलाद कापतो तो कसा? एक कारण धाग्याला चिकटलेली धूळ. दुसरं कारण पॉलिएस्टरच्या पोटातच असतं. पॉलिएस्टरचा काचेसारखा चकचकीतपणा मारण्यासाठी तंतू ओढण्याआधीच त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मिसळतात. सेमी-डल धाग्यात ती वजनानं 0.3 टक्क्यांच्या आसपास असते, फुल-डलमध्ये दोन टक्क्यांच्या घरात. कोण कोणाला ओरखडतं यावरून एक ते दहा क्रम लावणाऱ्या मोह्स मापावर तिची कठीणता साडेपाच ते सहा, आणि अठरा कॅरेट सोनं तीनच्या आसपास. सोलापुरात शिवले जाणारे शाळांचे गणवेश बहुतेक पॉलिएस्टर मिश्रणाचे, तेव्हा ही पूड आपल्या अंगावर रोज असते.

पण तिचे कण अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते सोन्यावर ज्या रेघा ओढतात त्या प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या किंवा तिच्याहून बारीक. वेगळा असा चरा दिसत नाही. फार फार तर वर्षानुवर्षांच्या घर्षणानं आरशासारख्या पृष्ठभागाची धार थोडी मंदावते. डोळ्यांना दिसणारा चरा पाडायला कण मोठा लागतो, आणि तो पुरवायला सोलापूरची हवा समर्थ आहे.

इथली काळी माती बदनाम असली तरी तिच्यातली चिकणमाती नखानं ओरखडेल इतकी मऊ. खरा गुन्हेगार तिच्याखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यातलं फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन मोह्स मापावर साडेपाच ते साडेसहा. पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात, ते सात. विकर्सच्या भाषेत फेल्डस्पार सुमारे 700 आणि गारगोटी 1100. मुरमाचे रस्ते, क्रशरची कच, बांधकामाची क्रशसँड, लांब कोरडा उन्हाळा आणि बेताचा पाऊस. दुचाकीवरून शहरात एक फेरी मारली की हे सगळं बाहीच्या विणीत जाऊन बसतं.

असा एक कण किती दाबला म्हणजे चरा पडेल? हिशेब सोपा आहे. कठीणता 150 याचा अर्थ, ढोबळमानानं, एक चौरस मिलिमीटर सोनं दबवायला 150 किलो भार लागतो. भार एकच ग्रॅम असेल तर दबणारं क्षेत्रफळ तितक्याच पटीनं कमी, म्हणजे सुमारे 6.7 चौरस मायक्रॉन. हा खड्डा जवळपास तीन मायक्रॉन रुंदीचा झाला. कण सरकत असेल तर त्याची मागची बाजू मोकळी असते आणि भार फक्त पुढची अर्धी बाजू पेलते, म्हणून रुंदी चार मायक्रॉनपर्यंत जाते. खोली असते साधारण अर्धा मायक्रॉन. एक ग्रॅम म्हणजे काहीच नाही. टेबलावर टेकलेल्या मनगटाखाली, कफच्या शिवणीत अडकलेल्या कणावर यापेक्षा जास्तच भार येतो. दहा ग्रॅम आला तर चरा तिपटीनं रुंद.

कण सोन्यावरून सरकतो तेव्हा दोन गोष्टी घडू शकतात. कण बोथट असेल तर तो नांगरासारखा चालतो. तास पडतं, माती दोन्ही बाजूंना वरंब्यासारखी चढते, शेतातून बाहेर काहीच जात नाही. सोन्याचंही तसंच होतं. चरा दिसतो, पण घड्याळाचं वजन घटत नाही, धातू नुसता बाजूला सरकलेला असतो. कण धारदार असेल आणि त्याची पुढची बाजू पुरेशी उभी असेल तर तो रंधा मारतो आणि सोन्याची सूक्ष्म चीप खरोखर निघून जाते. सोन्यासारख्या लवचीक धातूत पहिला प्रकार जास्त घडतो. दुसऱ्यात किती धातू जाईल याचं सूत्र आर्चर्ड यांनी 1953 मध्ये मांडलं. झीज ही भार आणि सरकलेलं अंतर यांच्या सम प्रमाणात आणि कठीणतेच्या व्यस्त प्रमाणात. त्या सूत्रात एक झीज-गुणांकही असतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. कण मोकळा असेल तर गडगडतो, कमी कापतो. कशात तरी घट्ट रोवलेला असेल तर घसटत जातो आणि कित्येक पट जास्त कापतो.

कापडाची भूमिका इथे येते. ते कण धरून ठेवतं. सैल विणीत, टॉवेलच्या लूपमध्ये, कण भाराखाली आत दबतो आणि सुटून जातो. घट्ट विणलेल्या, खळ घातलेल्या, दुहेरी शिवणीच्या कफमध्ये त्याला आत जायला जागा नसते, तो पक्का उभा राहतो. म्हणून घड्याळाला कडक इस्त्रीचा कफ मऊ मलमलीपेक्षा वाईट. सराफाच्या बफिंग मशीनचं चाकही कापडाचंच असतं. फरक इतकाच, की त्याला लावलेल्या रूज नावाच्या पॉलिशमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे मायक्रॉनहून बारीक, एकसारखे कण असतात. पॉलिश म्हणजे डोळ्याला न दिसणारे ओरखडेच.

घरी पडताळून बघायचं असेल तर घड्याळाला हात लावू नका. आरशासारखा चकचकीत पितळी पत्रा घ्या, पितळेची कठीणता अठरा कॅरेटच्या जवळपास असते. अर्ध्या भागावर दिवसभर वापरलेल्या शर्टाचा कफ वीसेक वेळा घासा, अर्ध्या भागावर नुकतंच धुतलेलं मऊ सुती कापड. अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. कफच्या बाजूला टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळं दिसतील. टॉर्च हलवला की वर्तुळंही हलतील. चरे खरे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच डोळ्याकडे उजेड फेकतात, आणि ते प्रतिबिंबाभोवती गोल रांगेत असल्यासारखे भासतात. दुकानातल्या पसरट उजेडात नितळ दिसलेलं घड्याळ उन्हात अचानक खराब दिसतं ते याचमुळे.

कापडाइतकंच कपड्याला लावलेल्या वस्तूंकडे बघायला हवं. बेल्टच्या बकलवर क्रोमचा थर असेल तर त्याची कठीणता 800 च्या पुढे. टिकल्या-आरशांच्या भरतकामातली काच साडेपाच-सहा. स्टोनवॉश जीन्स प्युमिस दगडाबरोबर धुतलेली असते आणि त्याची बारीक कच खिशाच्या कोपऱ्यांत उरू शकते. त्या खिशात घड्याळाचा हात घालणं बरं नव्हे. आणि खरं सांगायचं तर घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलवर खालच्या बाजूला पडलेले खोल चरे कपड्याचे नसतातच. ते ग्रॅनाइटच्या ओट्याचे असतात, किंवा लॅपटॉपच्या कडेचे. तिथल्या अल्युमिनियमवर अॅनोडायझिंगनं अल्युमिनाचा थर चढवलेला असतो. बाहीवर उगाच आळ येतो.

"ओरखडे न पडणारं सोनं" ही जाहिरात पूर्ण खोटी नाही. हुब्लो या स्विस घड्याळ कंपनीनं 2011 मध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठाबरोबर असं सोनं काढलं. त्यात बोरॉन कार्बाइडच्या सच्छिद्र सांगाड्यात वितळलेलं सोनं दाबानं भरतात आणि कठीणता 1000 च्या आसपास जाते. पण घनतेचा हिशेब मांडा. बोरॉन कार्बाइड 2.52, सोनं 19.3. वजनानं तीन चतुर्थांश सोनं असलं तरी आकारमानानं ते जेमतेम 28 टक्के भरतं. ओरखडा सहन करतो तो सिरॅमिकचा सांगाडा.

साफसफाईत लोक नेमकी चूक करतात ती कोरडं पुसण्याची. शर्टाचं टोक, रुमाल किंवा खुंटीवरचा टॉवेल घेऊन घड्याळ खसाखसा पुसलं की वर बसलेली धूळ तिथेच दाबून फिरवली जाते. आधी धूळ न घासता घालवायची. घड्याळ पाण्याला टिकणारं आहे याची खात्री करा. नुसतं 30 मीटर लिहिलेलं घड्याळ नळाखाली धरू नये. चावी आत दाबलेली किंवा फिरवून बंद केलेली हवी, चामड्याचा पट्टा असेल तर काढून ठेवावा. मग कोमट पाण्याची बारीक धार, त्यानंतर थेंबभर लिक्विड सोप आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. साखळीच्या कड्यांमधला मळ नीट काढा, कारण घाम आणि धूळ यांची पेस्ट तिथल्या पिना आतून झिजवते आणि साखळी सैल होते. शेवटी मायक्रोफायबर कापडानं पाणी टिपायचं. ते कापड दर वेळी धुतलेलं असावं. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते, तिनं चरे जात नाहीत, सगळा पृष्ठभाग सारखा धुरकट होतो. पितळेची भांडी चमकवायचं पॉलिशही नको.

बारीक चरे सराफाकडच्या हलक्या बफनं जातात. अर्ध्या मायक्रॉनचा चरा काढायला तेवढाच थर घालवावा लागतो. पण प्रत्येक बफ कडा थोड्या गोल करतो, आणि एकदा गोल झालेली कड परत येत नाही. वर्षाला बफ मारायची हौस करू नये. खोल खड्डा असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेझर वेल्डिंगनं भरून मिळतो का ते विचारावं. ब्रश फिनिश केसवर मुळातच एका दिशेच्या हजारो रेघा असतात, तिथे रेघांच्या दिशेनं पडलेला चरा लपतो आणि आडवा पडलेला उठून दिसतो.

मुलामा दिलेल्या घड्याळाचा मामला वेगळा. चांगला मुलामा 10 किंवा 20 मायक्रॉनचा, स्वस्तातला अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. असं घड्याळ बफला देण्याआधी मागच्या झाकणावर थराची जाडी लिहिली आहे का ते वाचा. लिहिलेली नसेल तर बफ मारायला देऊ नका. पहिल्याच फेरीत खालचं पितळ किंवा स्टील उघडं पडतं, आणि ते सगळ्यांत आधी दिसतं पट्टा अडकवायच्या कानांच्या कडांवर.