नॉकआउट उंदीर (वर्तनविज्ञानातील)

एखादे ठरावीक जनुक निकामी करून वाढवलेला प्रयोगशाळेतील उंदीर. मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी (ज्यांपासून शरीरातील कोणतीही पेशी घडू शकते अशा भ्रूणातील पेशी) प्रयोगशाळेत वाढवल्या. अशा पेशींतील नेमके जनुक बदलण्याचे तंत्र मारिओ कापेकी व ऑलिव्हर स्मिथीज यांनी विकसित केले. एव्हान्स, कापेकी व स्मिथीज यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

स्मृतिसंशोधनात या तंत्राचा प्रवेश सामान्यतः १९९२ पासून मानला जातो. त्या वर्षी आल्सिनो सिल्वा, सुसुमू टोनेगावा आदींनी अल्फा-कॅमकायनेज-२ या मेंदूतील विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाविना वाढवलेले उंदीर गढूळ पाण्याखालचा मंच शोधण्याच्या, म्हणजे जागा लक्षात ठेवण्याच्या, चाचणीत मागे पडल्याचे दाखवले. परंतु जनुक जन्माआधीपासूनच नसल्याने दोष शिकण्यातला की मेंदूच्या घडणीतला, हे त्यावरून ठरत नव्हते. १९९६ मध्ये टोनेगावा यांच्या गटाने एनएमडीए ग्राहीचे (ग्राही म्हणजे रासायनिक संदेश स्वीकारणारे पेशीवरील प्रथिन) जनुक मुख्यतः हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागाच्या सीए-१ या उपभागातून, तेही जन्मानंतर, काढले. तरीही स्थळस्मृती बिघडली. हा पुरावा अधिक भक्कम म्हणावा लागेल.

खरा वाद जनुकीय पार्श्वभूमीचा, म्हणजे उंदराच्या उरलेल्या जनुकांचा, आहे. मूलपेशी बहुधा '१२९' वाणाच्या असत आणि पुढील संकर 'सी५७बीएल/६' वाणाशी होई, त्यामुळे निकामी जनुकाला लागून असलेली १२९ वाणाची जनुकेही पिढ्यान्‌पिढ्या सोबत येत राहतात. वर्तनातील फरक त्यांचाच असू शकतो, असा आक्षेप रॉबर्ट गेर्लाई यांनी १९९६ मध्ये घेतला. शिवाय प्रयोगशाळा बदलली तरी निष्कर्ष बदलू शकतात : १९९९ मध्ये जॉन क्रॅब व सहकाऱ्यांनी तीन प्रयोगशाळांत शक्य तितकी समान परिस्थिती ठेवूनही काही चाचण्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. गेर्लाई यांचा आक्षेप रास्त असला तरी तो सरसकट लागू पडत नाही : सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचा १ए ग्राही नसलेले उंदीर १९९८ मध्ये तीन गटांनी तीन वेगळ्या पार्श्वभूमींवर तयार केले आणि तिन्ही ठिकाणी ते अधिक भित्रे आढळले. पुढे २००२ मध्ये हा ग्राही अग्रमेंदूत परत आणल्यावर भित्रेपणा ओसरला. त्यासाठी जन्मानंतरचे पहिले काही आठवडे महत्त्वाचे ठरतात, असे त्याच प्रयोगातून दिसले.

नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील उंदरांवरील चिंता व नैराश्यविषयक संशोधनात मुख्यतः औषधांनी ग्राही उत्तेजित करण्याचा वा रोखण्याचा मार्ग अवलंबिलेला दिसतो. त्यात औषध दिलेला व न दिलेला प्राणी एकाच वाणाचा असल्याने शेजारच्या जनुकांचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र औषध एकाच ग्राहीपुरते मर्यादित राहीलच, अशी खात्री देता येत नाही.