राइश म्हणजे ग्लास नव्हेत

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास आपल्याकडे पुरेसे माहीत आहेत. पंडित रविशंकरांसोबतचं पॅरिसमधलं काम, अल्लारखांकडून मिळालेली तालाची जाण, १९८० च्या ‘सत्याग्रह’ ऑपेरात संस्कृतमध्ये गायलेली गीता. ते पुन्हा सांगत बसत नाही. पण त्यांच्याच पिढीतले अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांचं नाव निघालं की ‘हेही तसलेच, एकच तुकडा घोळवणारे’ असं लिहिलं जातं, ते आता वाचवत नाही.

गोंधळ का होतो ते कळतं. जन्मात चारेक महिन्यांचं अंतर, दोघेही न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतविद्यालयाचे, दोघेही तिथेच पोटासाठी लोकांचं सामान हलवणारे. ते सोडा. बदलतं काय, तेवढं ऐका.

ग्लास यांच्या १९६८-६९ च्या रचनांत मूळ तुकडाच बदलतो. पाच स्वर काही वेळा वाजतात, मग सहा, मग सात, पुन्हा कमी. सगळे वादक एकदमच पुढच्या तुकड्यावर जातात.

राइश यांच्या ‘पियानो फेज’मध्ये (१९६७) दोन पियानोंवर बारा स्वरांचा एकच तुकडा वाजत असतो. पहिला वादक लय तसूभरही हलू देत नाही. दुसरा अगदी हळूहळू पुढे सरकतो, नेमका एक स्वर पुढे गेला की तिथे स्थिरावतो आणि काही वेळाने पुन्हा सरकतो. पहिल्या भागात तुकड्यात ना स्वर वाढतो, ना कमी होतो. बदलतं ते फक्त दोघांमधलं अंतर. तरीही प्रत्येक मुक्कामावर नवी सुरावट ऐकू येते, जी दोघांपैकी एकही जण एकटा वाजवत नसतो! बारा वेळा सरकून दोघे पुन्हा एकत्र येतात. एकाच पियानोचा माग काढत ऐकाल तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

एकच तुकडा असा हळूहळू सरकवण्याचं हे तंत्र, म्हणजे फेजिंग, राइश यांनी घानाहून आणलं, असंही ठोकून दिलं जातं. राइश घानाला गेले १९७० मध्ये. त्याआधीच, १९६५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या प्रवचनाच्या फिती दोन टेपरेकॉर्डरवर लावताना त्यांच्या वेगातल्या किंचित फरकामुळे त्यांना ते सापडलं होतं. घानातल्या एवे लोकांच्या ढोलवादनाने त्यांची वाट पक्की केली, सुरू केली नाही.

मला राइश जास्त जवळचे वाटतात, ते बोलण्यातला सूर धरणाऱ्या त्यांच्या कानामुळे. ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये (१९८८) नाझी छळातून वाचलेल्यांचे आवाज आहेत आणि तंतुवाद्यं त्या बोलण्याचे चढउतारच वाजवतात. सुरुवात इथून करा.