सावत्र अपत्याला स्पॉन्सर करणे (अमेरिका)

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या जोडीदाराच्या आधीच्या नात्यातून झालेल्या, परदेशात राहणाऱ्या मुलाला कायम वास्तव्यासाठी तिकडे बोलावून घेतो, ती प्रक्रिया. यासाठी मूल दत्तक घ्यावे लागत नाही. कायदा पाहतो ती एक तारीख : ज्या लग्नामुळे सावत्र नाते जुळले, त्या दिवशी मुलाला १८ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. ही अट १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यातील अपत्याच्या व्याख्येत आहे. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या सावत्र मुलाचा त्या व्याख्येत स्पष्ट समावेश १९५७ च्या दुरुस्तीने झाला. सावत्र बापाने मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ केला होता का, हा प्रश्न पूर्वी विचारला जाई. स्थलांतर अपील मंडळाने १९८१ मध्ये तो निकालात काढला. लग्न खरे असले की पुरे.

मोजायची वये दोन आहेत आणि बहुतेक घोटाळे ती एकमेकांत मिसळल्याने होतात. १८ हे वय लग्नाच्या दिवशीचे. २१ हे वय अर्जाचे : नागरिकाचे अविवाहित, २१ वर्षांखालील मूल 'निकटचे नातेवाईक' ठरते आणि त्याला वार्षिक कोट्याची रांग लागत नाही. समजा, सांगलीच्या एका विधवा बाईंनी न्यू जर्सीतील अमेरिकी नागरिकाशी लग्न केले, तेव्हा मुलगी १७ वर्षे १० महिन्यांची होती. सावत्र वडिलांनी पिटिशन, म्हणजे तिला बोलावण्याचा अर्ज, तीन वर्षांनी, ती २१ ची होण्याच्या जरा आधी दाखल केले, तरी चालते. ऑगस्ट २००२ मध्ये लागू झालेल्या बाल दर्जा संरक्षण कायद्यामुळे नागरिकाच्या अविवाहित मुलाचे वय पिटिशन दाखल झाल्याच्या दिवशी गोठते. पण हेच लग्न तीन महिने उशिरा झाले असते, तर कायद्याच्या लेखी ती त्यांची सावत्र मुलगी कधीच झाली नसती.

इथे आपल्याकडच्या पद्धतीचा एक पेच येतो. सप्तपदी आधी होते, नोंदणी सवडीने. लग्न जिथे लागले तिथल्या कायद्याने ते वैध असले की अमेरिका ते मानते, आणि हिंदू विवाह कायद्याप्रमाणे नोंदणी नसली म्हणून विवाह अवैध होत नाही. महाराष्ट्रातील विवाह नोंदणी दाखल्यावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या येतात. अठराव्या वाढदिवसाच्या आसपासच्या लग्नात पहिली तारीख महत्त्वाची; मात्र नोंदणी पुढची असेल तर लग्नपत्रिका, फोटो, गुरुजींचा दाखला हे सगळे जपून ठेवावे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की आईचा अर्ज भरला की मूल आपोआप तिच्यामागून येते. नागरिकाने पत्नीसाठी भरलेल्या अर्जात मूल बसत नाही. निकटच्या नातेवाइकाला 'सोबतचे अवलंबित' ही सोय कायद्याने दिलेलीच नाही. प्रत्येक सावत्र मुलासाठी वेगळा आय-१३० हा पिटिशनचा फॉर्म आणि वेगळी फी. ग्रीन कार्डधारकाचे गणित नेमके उलटे आहे. त्याची पत्नी 'एफ२ए' या कोट्याची रांग असलेल्या वर्गात येते आणि तिचे २१ वर्षांखालचे अविवाहित मूल तिच्याच अर्जावर सोबत जाऊ शकते. तिथे मूल पाहिले जाते ते आईचे म्हणून, त्यामुळे लग्नाच्या वेळी ते १९ वर्षांचे असले तरी हरकत नाही. म्हणजे नागरिक ज्याला बोलावू शकत नाही, त्याला ग्रीन कार्डधारकाची पत्नी घेऊन येऊ शकते. कायदा लिहिणाऱ्यांनी हे ठरवून केले असेल असे वाटत नाही, पण तसे आहे खरे.

याचा फटका बसतो तो अर्ज रांगेत असताना नवरा नागरिक झाला तर. पत्नीची रांग संपते, अर्ज वरच्या वर्गात जातो आणि त्यावर टांगलेले मूल खाली पडते. लग्नाच्या वेळी १८ च्या आत असलेल्या मुलासाठी तरी लगेच नवा आय-१३० भरता येतो. १८ पुढच्याला आईला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबावे लागते. मग ती स्वतः अर्ज करते. मूल तोवर २१ पार झालेले असेल तर ते 'एफ२बी'त, म्हणजे कार्डधारकांच्या २१ पुढच्या अविवाहित मुलांच्या वर्गात जाते आणि तिथली रांग अनेक वर्षांची आहे. त्यामुळे नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी वकिलाला मुलांची वये सांगावीत, हा सल्ला फुकटचा असला तरी मोलाचा.

लग्नाआधीचा एक मार्गही आहे. नागरिकाची नियोजित वधू के-१ व्हिसावर जाते, तेव्हा तिचे २१ खालचे मूल के-२ वर जाते. ९० दिवसांत लग्न झाले पाहिजे. इथेही १८ ची अट आडवी येत नाही. के-२ वर २१ पूर्ण होण्याआधी अमेरिकेत दाखल झालेल्या मुलाला पुढे ग्रीन कार्ड मिळू शकते, असा निर्वाळा अपील मंडळाने २०११ मध्ये दिला.

कागदपत्रांत मुलाचा जन्मदाखला, सावत्र आणि जन्मदात्या पालकाचा विवाह दाखला आणि दोघांची आधीची लग्ने संपल्याचा पुरावा, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूदाखला, हे मूळ. मराठी कुटुंबांची खरी अडचण नावांची. मुलाचे मधले नाव आणि आडनाव पहिल्या वडिलांचे. जन्मदाखल्यावर आईचे नाव त्याच घरचे. पासपोर्टवर मात्र दुसऱ्या लग्नानंतरचे. एका बाईची तीन नावे फाईलमध्ये फिरत असतात. ती सगळी एकाच व्यक्तीची, हे राजपत्रातील नावबदलाची प्रत, दोन्ही विवाह दाखले आणि प्रतिज्ञापत्र जोडून दाखवावे लागते. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसणे हाही नेहमीचा प्रकार. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव आधीच घालून घ्यावे. महाराष्ट्रातल्या मुलांची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होते.

जन्मदाता बाप हयात असेल तर त्याची संमती हा स्वतंत्र विषय. अल्पवयीनाच्या भारतीय पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची सही लागते. ती मिळत नसेल तर एका पालकाला कारण देऊन वेगळे प्रतिज्ञापत्र करावे लागते. ताबा फक्त आईकडे असल्याचा न्यायालयाचा स्पष्ट आदेश हाती असेल तर पुढचे बरेच सोपे जाते. हुकूमनाम्यात बापाला भेटीचा हक्क असेल, तर मुलाला देशाबाहेर नेण्याची परवानगी त्याच न्यायालयातून घेणे शहाणपणाचे.

स्पॉन्सर आय-८६४ हा आर्थिक हमीचा फॉर्म भरतो. उत्पन्न साधारणपणे कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या संघराज्य दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के तरी असावे लागते. ही नुसती औपचारिकता नव्हे. मूल नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या सामाजिक सुरक्षा खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत हमी चालू राहते आणि घटस्फोटाने ती सुटत नाही. घटस्फोटाने सावत्र नातेही आपोआप संपत नाही : १९८१ च्याच आणखी एका निर्णयानुसार, सावत्र पालक आणि मूल यांचा संबंध प्रत्यक्षात टिकून असेल तर पिटिशन चालू शकते.

मूल अमेरिकेत दाखल होताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, सशर्त मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढावी लागते. आईनंतर ९० दिवसांच्या आत दर्जा मिळालेले मूल तिच्याच फॉर्मवर घालता येते.

कॅनडाची रचना वेगळी. तिथे सावत्र मूल जोडीदाराचे अवलंबित म्हणून येते; २०१७ पासून मर्यादा २२ वर्षांखालील आणि अविवाहित अशी आहे. पण आईने स्वतः कायम रहिवासी होताना पहिल्या लग्नाचे मूल अर्जात दाखवलेच नसेल, तर नियम ११७(९)(डी) खाली ते पुढे कुटुंब वर्गातून वगळले जाते. यात थोडी सवलत देणारी प्रायोगिक योजना २०१९ मध्ये सुरू झाली.

अमेरिकेत सावत्र वडिलांचे नागरिकत्व मुलाला मिळत नाही. २००० च्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार, आई नागरिक झाली असेल आणि मूल १८ खालचे, ग्रीन कार्डधारक आणि तिच्या ताब्यात तिथे राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होते. सावत्र वडिलांमार्फत तेच हवे असेल तर रीतसर दत्तकविधान लागते, तेही साधारणपणे मूल १६ चे होण्याआधी. उलट दिशेने मात्र नाते पुरते : नागरिक झालेले मूल २१ चे झाले, की सावत्र आईला किंवा बापाला स्पॉन्सर करू शकते, आणि तिथेही लग्नाच्या दिवशीचे १८ खालचे वय हीच अट असते.