आक्रमक कुत्र्यापासून बचाव

अंगावर येणाऱ्या किंवा येण्याच्या बेतात असलेल्या कुत्र्यासमोर इजा टाळण्यासाठी माणसाने काय करावे, काय करू नये आणि चावा झालाच तर तातडीने कोणते उपाय योजावेत, यांचा समावेश या विषयात होतो. भारतात तो प्रामुख्याने रस्त्यावर राहणाऱ्या मोकाट कुत्र्यांशी निगडित आहे. दूधवाले, वृत्तपत्रे टाकणारी मुले, सफाई कामगार, रात्रपाळीहून परतणारे कामगार आणि पहाटे फिरायला निघणारी वृद्ध माणसे यांची अशा कुत्र्यांशी रोज गाठ पडते. पाळीव कुत्र्याचा चावाही दुर्मिळ नसतो, आणि त्यात बहुधा घरातली किंवा ओळखीची माणसेच जखमी होतात.

कुत्र्याच्या आक्रमकतेमागे सहसा शिकारीचा हेतू नसतो. समोरच्याने आपल्यापासून, आपल्या पिलांपासून, अन्नापासून किंवा हद्दीपासून लांब जावे, एवढीच त्याची मागणी असते. भुंकणे, गुरगुरणे, दात दाखवणे, धाव घेऊन मध्येच थांबणे या ती मागणी मांडण्याच्या चढत्या पायऱ्या होत आणि चावा ही त्यांतली शेवटची. बचावाचे जवळजवळ सर्व नियम यातूनच निघतात. कुत्रा मागत असलेले अंतर त्याला द्यावे, परंतु पाठ फिरवून किंवा पळून नव्हे; कारण पळणाऱ्याचा पाठलाग करण्याची त्याची उपजत प्रवृत्ती त्याच क्षणी जागी होते, आणि शर्यतीत माणूस त्याला मागे टाकू शकत नाही.

या मागणीला ऋतूही असतो. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांचा माजाचा मुख्य काळ पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. मराठीत भाद्रपद महिना आणि कुत्रे यांची जी सांगड घातली जाते, ती निरीक्षणातूनच आलेली आहे. त्या दिवसांत एका मादीमागे अनेक नर जमतात, त्यांच्यात झटापटी होतात आणि अशा घोळक्यामधून वाट काढणारा माणूस विनाकारण त्यांत सापडतो. गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने कार्तिक-मार्गशीर्षात, थंडी सुरू होताना, पिले दिसू लागतात. एरवी शेपूट हलवत येणारी वस्तीतली ओळखीची कुत्री या काळात जिन्याखाली, वाळूच्या ढिगाआड किंवा उभ्या ट्रकखाली घातलेल्या पिलांजवळ कोणालाही फिरकू देत नाही, आणि पिलू उचलून पाहण्याचा मोह मुलांना होतो तो नेमका याच वेळी. याखेरीज दुखणे, जुनी जखम, समोरचे अन्न, झोपेतून दचकून जागे होणे आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवलेले असणे ही चाव्याची नेहमीची कारणे होत.

मराठीत कुत्र्याच्या आवाजांना वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि या विषयात ती उपयोगी पडतात. भुंकणारा कुत्रा बहुधा इशारा देत असतो, गुरगुरणारा त्याच्या पुढच्या पायरीवर असतो, तर केकाटणारा घाबरलेला किंवा दुखावलेला असतो आणि कोंडीत सापडल्यास तोही चावतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण माणसांबद्दल खरी असेल. कुत्र्यांच्या बाबतीत ती भरवशाची नाही. आवाजापेक्षा शरीर अधिक नेमके सांगते. अंग ताठ झालेले, भार पुढच्या पायांवर आलेला, मानेवरचे केस उभे, नजर एकटक आणि शेपूट वर ताठ धरलेले असेल तर कुत्रा पुढे येण्याच्या तयारीत आहे. शेपूट हलते आहे याचा अर्थ तो खूश आहे असा नेहमीच होत नाही. वर धरलेल्या ताठ शेपटाची आखूड, जलद थरथर ही उत्तेजनाची खूण असते. कान मागे पाडलेला, शेपूट पायांत घातलेला, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरपे पाहणारा कुत्रा भ्यालेला असतो आणि त्याला निसटायला वाट ठेवणे हाच तेथे बचाव ठरतो. भुंकता भुंकता एकाएकी गप्प होऊन जागीच थिजणारा कुत्रा सर्वांत धोकादायक समजावा.

कुत्रा येताना दिसताच थांबून उभे राहावे, शरीर त्याच्याकडे सरळ न करता किंचित तिरपे ठेवावे, हात छातीशी घेऊन बोटे मुठीत मिटावीत आणि त्याच्या डोळ्यांत नजर न रोखता, पण त्याला नजरेआडही होऊ न देता, त्याच्या पायांकडे पाहावे. कुत्र्यांच्या व्यवहारात रोखून पाहणे हे आव्हान असते. किंचाळणे, हात झटकणे, लाथ उगारणे यांमुळे त्याची उत्तेजना वाढते, तर स्थिर उभ्या माणसाभोवती काही वेळ भुंकून किंवा हुंगून बहुतेक कुत्रे निघून जातात. त्यानंतर एकेक पाऊल मागे सरकत भिंत, फाटक किंवा उभे वाहन गाठावे. हातातली पिशवी, दप्तर किंवा छत्री मारण्यासाठी न वापरता मध्ये आड धरावी, आणि काठी असल्यास ती जमिनीवर आपटावी. खालच्या पट्टीत, ठामपणे एकदा-दोनदा ‘हाड’ म्हणणे मोकाट कुत्र्याला समजते, कारण तो शब्द त्याने जन्मापासून ऐकलेला असतो. पाळीव कुत्र्याला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. मराठी घरांतही कुत्र्यांना आज्ञा पुष्कळदा इंग्रजीतच शिकवतात, त्यामुळे तेथे ‘नो’, ‘सिट’ अधिक उपयोगी पडण्याची शक्यता असते.

वाकून दगड उचलल्याचा आव आणणे हा आपल्याकडचा सर्वपरिचित उपाय आहे. मोकाट कुत्रे माणसाच्या हातवाऱ्यांचा अर्थ लावतात, असे कोलकात्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या संस्थेतील अभ्यासांतही दिसून आलेले आहे, आणि वाकलेल्या माणसाच्या हातून पुढे काय सुटते हे त्यांना अनुभवाने माहीत असते. तथापि हा उपाय कुत्रा चांगला लांब असतानाच चालतो. तो जवळ आलेला असताना वाकल्यास चेहरा आणि मान त्याच्या तोंडाच्या पातळीवर येतात, आणि ज्याने कधी दगड खाल्लेला नाही अशा पाळीव कुत्र्याला त्या हालचालीतून काहीच बोध होत नाही. प्रत्यक्ष दगड मारण्यात तर दुहेरी तोटा आहे. त्या दिवशी कुत्रा पळतो, पण पुढे त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्याला शत्रू वाटू लागतो.

दुचाकीमागे लागणारे कुत्रे हा वेगळा प्रकार आहे. तेथे हद्दीच्या रक्षणाला पाठलागाच्या ओढीची जोड मिळते. वेग वाढवणे किंवा पाय वर उचलणे यांमुळे तोल जाऊन होणारा अपघात चाव्यापेक्षा गंभीर ठरू शकतो. मागचा रस्ता मोकळा असल्यास वेग हळूहळू कमी करून थांबावे. चाके थांबली की पाठलागाचा विषयच संपतो. सायकलस्वाराने उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये घ्यावी. टोळी असेल तर सर्वांत पुढे येणाऱ्या कुत्र्याकडे लक्ष ठेवत, पण पाठीशी भिंत घेऊन, त्यांच्या हद्दीबाहेर सरकावे. ती हद्द पुष्कळदा पुढच्या चौकापाशीच संपते.

मुलांना हे शिकवण्यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. ‘स्टॅच्यू’ म्हणताच जागच्या जागी गोठण्याचा खेळ त्यांना येतोच. कुत्रा आला की स्टॅच्यू व्हायचे, आणि पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन, डोके झाकून दगडासारखे पडून राहायचे, एवढे त्यांच्या ध्यानात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. उंची कमी असल्याने त्यांना डोके, मान व चेहरा या ठिकाणी चावे बसतात, आणि ओरडा बसेल या भीतीने ती लहान जखमा घरी सांगत नाहीत.

माळरानावर किंवा सह्याद्रीच्या वाटांवर भेटणारी धनगरांची राखणदार कुत्री तऱ्हेने निराळी असतात. लांडग्यासमोर उभे राहणे हे त्यांचे कामच असल्याने ती ‘हाड’ला दाद देत नाहीत. शेतात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या तर लांबूनच मेंढपाळाला हाक द्यावी, त्याने कुत्रे आवरेपर्यंत थांबावे आणि कळपाला मोठा वळसा घालून जावे.

कुत्र्याने झेप घेतलीच तर दप्तर, चप्पल, गुंडाळलेला सदरा असे काहीही त्याच्या तोंडात जाऊ द्यावे. खाली पडल्यास अंगाचे मुटकुळे करून दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि कोपरांनी चेहरा व कान झाकावेत. दात रुतलेला हात किंवा पाय हिसडा मारून ओढल्यास मांस फाटते, म्हणून मदत पोहोचेपर्यंत तो शक्य तितका स्थिर ठेवावा.

पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला कुत्रा मात्र या सर्व नियमांच्या बाहेर असतो, कारण त्याला अंतर नको असते. तो चिथावणीवाचून, इशाऱ्यावाचून, वाटेत येईल त्या माणसाला, जनावराला किंवा लाकडाला चावत जातो. त्याचा आवाज बदललेला, तोंडातून लाळ गळत असलेली आणि चाल अडखळती असते. अशा वेळी स्थिर उभे राहण्यापेक्षा दरवाजा किंवा उंचवटा गाठणे आणि इतरांना सावध करणे श्रेयस्कर होय. रेबीजचा दुसरा, मुका प्रकार फसवा असतो. त्यात जबडा लुळा पडून कुत्रा शांत बसलेला दिसतो, आणि घशात हाड अडकले असावे या समजुतीने तोंडात हात घालणारे दयाळू लोक लाळेच्या संपर्कात येतात.

चावा किंवा ओरखडा लहान असला तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्यानंतर जंतुनाशक लावावे. हळद, तिखट, चुना, तंबाखू भरण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. त्याने विषाणू मरत नाही, उलट जखम भाजते. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती लोकांच्या मनात टिकून आहे, परंतु ती जुनी लस कधीच मागे पडली आहे. आता लस दंडात देतात. स्नायूत द्यावयाची असल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, आणि त्वचेत द्यावयाची असल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी ती घ्यावी लागते. त्वचा फाटून रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडेही (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने) टोचावी लागतात, कारण लसीने शरीरात स्वतःची प्रतिपिंडे तयार होईपर्यंतचा काळ अन्यथा उघडा राहतो. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्या निकालासाठी पहिली मात्रा लांबवू नये. सरकारी रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस विनामूल्य मिळते.

आपल्या ताब्यातील प्राण्यामुळे कोणाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोकाट कुत्र्यांबाबत २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू असून त्यांनुसार कुत्रे पकडून, निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ ठिकाणी सोडण्याची तरतूद आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांना असे परत सोडण्यातून वगळले. कानाची खाच म्हणजे निर्बीजीकरण झाल्याची खूण. त्या कुत्र्याच्या बाबतीत माजाची भांडणे आणि पिलांचे राखण ही दोन कारणे उरत नाहीत, अन्न आणि हद्द ही उरतात. चावलेल्या कुत्र्याची माहिती महापालिकेस किंवा ग्रामपंचायतीस कळवावी. रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवून त्याचे निरीक्षण करण्याची तरतूद नियमांत आहे. जमावाने ठेचून मारलेल्या कुत्र्याचे असे निरीक्षण करता येत नाही आणि त्याच्या डोक्याचा चेंदामेंदा झालेला असल्यास मेंदूची प्रयोगशाळेतील तपासणीही अवघड होते.